बरणीतलं बारसं

आधीच सांगून ठेवतो. भूत असतं की नसतं याबद्दल मी चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी अभिप्राय दिला नाही आणि आता पेन्शनीत देणार नाही. शिक्षण खात्यातला कारकून मी. माझं काम नाव, तारीख आणि सही तपासण्याचं. तेवढं या प्रकरणात तपासून घेतलंय. शेरा तुमचा तुम्ही मारा. निकिता, तो मोबाईल उलटा ठेव. तोंडावर उजेड असला की माणसाला ऐकू कमी येतं.

बेलापूरचे गहिनीनाथ मास्तर, माझे जुने स्नेही, तुमच्यापैकी कुणी पाहिले नसतील. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. चित्रकलेच्या मास्तरांना आपल्याकडे जो मान असतो तोच त्यांना होता. म्हणजे गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि दहावीला आपला तास गणिताच्या सरांना देऊन टाकायचा. पण हात असा, की बारीक निबानं ठिपके देऊन भेंडी काढली तर तिच्यावरची लव दिसायची. २०१६ला निवृत्त झाले. कालव्याच्या कडेला छोटा स्लॅबचा बंगला बांधला. घरात दोघंच, ते आणि छबूबाई.

मुलगी एकच, ज्ञानेश्वरी. ती दूर समुद्रकाठच्या एका संस्थेत माशांचा अभ्यास करते. आता बेलापुरात समुद्र नाही. प्रवरा आहे, तीही धरणातून सोडली तर. तरी ही पोरगी माशांकडे गेली. तिचं काम म्हणजे कुणी न पाहिलेल्या माशांचं वर्णन लिहायचं आणि त्यांना नाव ठेवायचं. आपल्याकडे नावं ठेवायला शिक्षण लागत नाही, कट्ट्यावर बसून लोक दिवसाला पन्नास ठेवतात. हिला त्यासाठी पीएचडी करावी लागली.

तर २०२४ सालचा डिसेंबर. पंधरा तारखेला, रविवारी ज्ञानेश्वरी घरी आली ती मांडीवर एक गाठोडं घेऊन. जुन्या सुती साडीत गुंडाळलेली काचेची बरणी, बरणीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये एक मासा. वीतभर लांब, वामेसारखा निमुळता, पांढराफटक.

हा मासा सापडला होता हिंदी महासागराच्या तळाशी, तीन किलोमीटर खाली. तिथं जमिनीला भेगा आहेत आणि त्यांतून उकळत्याहून तापलेलं काळं पाणी गिरणीच्या धुराड्यातून धूर यावा तसं वर येतं. उजेड म्हणून नाही. वरच्या पाण्याचा भार असा, की आपला पत्र्याच्या डब्यासारखा चेंदा व्हावा. त्या धुराड्यांच्या पायथ्याला दगडावर हे महाराज पडून होते. बोटीवरून सोडलेल्या यंत्रानं नळीनं ओढून त्यांना वर आणलं. सगळ्या जगाच्या हाती लागलेला असा हा एकच मासा.

असा नमुना संस्थेबाहेर नेता येत नाही. पण वर्णनाबरोबर चित्र लागतं, फोटोत न दिसणारी छिद्रं आणि पराचे काटे चित्रात मोजून दाखवावे लागतात. आणि संस्थेतलं चित्रकाराचं पद नऊ वर्षं रिक्त होतं. कुठलंही पद नऊ वर्षं रिक्त राहिलं की त्याचं काम कुणाच्या तरी बापाला करावं लागतं. साहेबांनी 'दहा दिवसांत परत' अशी चिठ्ठी तीन प्रतींत दिली आणि बरणी बेलापुरात आली.

छबूबाईंनी साडी उलगडून पाहिलं.

"लेकीनं नातू आणावा म्हणून मी देव पाण्यात घातलेत, आन् हिनं मासा आणला. तो बी मेलेला."

"आई, अगं जगात कुणी पाहिलेला नाही तो."

"मी पाह्यलाय की. नदीतली वाम हाय ही. आजारी पडलेली."

पुढचे तीन दिवस बापलेकीनं मोठ्या आनंदात काढले. सकाळी ज्ञानेश्वरी चिमट्यानं मासा ताटलीत घ्यायची, भिंगाखाली सुईच्या टोकानं पराचा एकेक काटा मोजायची, आकडा बोलायची आणि मास्तर पेन्सिलीनं तेवढेच काटे काढायचे. संध्याकाळी मासा परत बरणीत. झाकण घट्ट, त्यावरून चिकटपट्टी आणि पट्टीवर आडवी सही. रात्री बरणी उघडायची नाही हा तिचा नियम. रात्री मास्तर नुसते पेन्सिलीच्या चित्रावर शाईचे ठिपके चढवत बसायचे. बरणी समोर टेबलावर.

बुधवारी, अठरा तारखेला संकष्टी होती. छबूबाईंचा उपास. पावणेनऊच्या सुमाराला चंद्र दिसला, नैवेद्य झाला, तिघं जेवायला बसली. चतुर्थीच्या दिवशी घरात मासा म्हणून छबूबाईंची कुरकुर चालूच होती. मोदक वाढता वाढता त्या बरणीकडं पाठ करून बसल्या.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "अण्णा, शनिवारी लेख पाठवायचाय. नावाची जागा तेवढी कोरी आहे. मी ठरवलंय. बाईच्या नावावरून नाव ठेवलं की शेवटी 'ए' लावतात, लॅटिनचा नियम आहे. दगडाबाए."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"आत्याचं नाव," ती म्हणाली. "शोभतं बघा. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यामुळं ते पाण्यात तरंगून राहतात. याला ती नाहीच. सोडला की थेट बुडाशी. अगदी दगड. आत्याचा एक फोटोसुद्धा नाही आपल्याकडं. निदान नाव तरी राहील."

"नको."

"का?"

"ते नाव चांगलं नाही. मेलेल्या पोरीला परत चिकटवू नको."

"मग तुम्ही सांगा दुसरं. पण शनिवारच्या आत. आणि नीट विचार करून. एकदा छापलं की बदलत नाही. चुकीचं असलं तरी तेच राहतं."

आमच्या गॅझेटात निदान शुद्धिपत्रक तरी निघतं. असो.

मास्तर ताटातला मोदक नुसता कुस्करत राहिले. त्यांना हसवावं म्हणून ज्ञानेश्वरीनं गंमत केली. तुमची बारशी हॉलमध्ये झाली, स्पीकरवर, म्हणून सांगतो. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करते, नाव सांगते आणि मग सगळ्याजणी तिच्या पाठीत धपाटे घालतात. ज्ञानेश्वरीनं बरणी त्या साडीत गुंडाळली, मांडीवर घेतली, हलवली.

"आत्याचाच मान आहे तर आत्यालाच बोलवू," ती म्हणाली. "अहो आत्याबाई, या! भाच्याचं बारसं आहे!" आणि झाकणाला तोंड लावून म्हणाली, "कुर्रर्र!"

"गप!" छबूबाई ओरडल्या. "जिचं मढं मिळालं न्हाई तिला रातीचं आवतण देती व्हय गं? शिकलीस का भाजलीस? सांगून ठिवते, मानाचं आवतण कुनी टाळत न्हाई."

ज्ञानेश्वरी हसली. मास्तर हसले नाहीत. ते ताटावरून उठले.

आता ही दगडाबाई कोण, ते ऐका. मास्तरांची धाकटी बहीण. त्यांच्या आईची, रंगुबाईंची, मधली दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हणून हिचं नाव मुद्दाम दगडाबाई. दगडाला कोण नेतंय? मृत्यूनं नाव ऐकावं, नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं, असा हिशेब. माझ्या टेबलावर नाव बदलायला आलेले दगडू, धोंडू, कचरू असे कितीतरी गेलेत. सगळे जगले होते म्हणूनच अर्ज करू शकत होते. जगले नाहीत त्यांचा अर्ज येत नाही.

पोरीला नाव मुळीच आवडायचं नाही. शाळेत श्रीरामपूरहून नव्या बाई यायच्या, त्यांचं नाव राजेश्वरी. हिला तेच हवं होतं. भावाच्या मागं लागायची. भावानंही कबूल केलं होतं, सातवी पास झालो की हेडमास्तरांना सांगून रजिस्टरात बदलून देतो म्हणून.

एप्रिल १९७०. ती नऊ वर्षांची, हे बारा. कालव्याला आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ. तिला पाय घसरून पडताना भावानं पाहिलं. आठ दिवस शोधलं. खालच्या गावापर्यंत जाळ्या लावल्या. काही मिळालं नाही. एवढं सगळ्या बेलापूरला माहीत होतं. छबूबाईंनाही एवढंच.

पाय घसरला नव्हता.

पुलावर पोरं दगड टाकत बसली होती. ती म्हणाली, मला राजेश्वरी म्हणा. पोरं हसली. भावालाही हसली. भावाला राग आला. तो म्हणाला, "राजेश्वरी म्हनं! दगड हायेस तू. दगड बुडतो. राजेश्वरी असती तर तरंगली असती."

ती कठड्यावर चढली. तिनं विचारलं, "दादा, मी तरंगले तर म्हणशील ना?"

आणि हे म्हणाले, "म्हणीन."

डुबुक. एकच आवाज.

पोरं घाबरून पळाली, पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाहीत. चौपन्न वर्षं तो एक शब्द मास्तरांनी कुणाला सांगितला नव्हता. त्या शब्दाऐवजी काय म्हणायला हवं होतं, ते मात्र त्यांना पाठ होतं. 'नको उतरू.' पाण्यात नको उतरू, एवढंच. आंघोळीला, सायकलवर, वर्गात फळ्याकडं तोंड करून, ते मनात म्हणायचे. नको उतरू.

संकष्टीच्या रात्री साडेअकराला मायलेकी आतल्या खोलीत झोपल्या. मास्तर बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले. माशाच्या डोक्याचं काम राहिलं होतं. थंडी चांगलीच होती, खिडक्या बंद. टेबललॅम्पच्या उजेडात बरणी. मासा बुडाशी, नेहमीसारखा. ते ठिपके देत होते आणि नाव शोधत होते. राजेश्वरी हे नाव जिभेवर होतं. पण ते सांगितलं की ज्ञानू विचारणार, कोण राजेश्वरी? मग सगळंच सांगावं लागणार. दोन नावं मनात लिहिली, खोडली.

बारा वाजून वीस मिनिटांनी आवाज आला.

डुबुक.

कालव्याकडून. मास्तरांनी निब उचललं. कुणी पोरगं दगड टाकत असेल, म्हणून ते परत वाकले. दोन ठिपके दिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की दिवाळीपासून कालव्याला आवर्तन नाही. पाच वाजता त्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

ते उठले. दार उघडून फाटकापर्यंत गेले. चंद्र वर आला होता. कालवा स्वच्छ दिसत होता. कोरडा. तळाला तीन विटांच्या स्टंपा तशाच उभ्या. माणूस नाही. कुत्रं नाही. मास्तर परत आले, कडी लावली, कडी लागली का ते पुन्हा पाहिलं.

पावणेएकला दुसरा आवाज आला.

डुबुक.

या खेपेला अंगणातून. अंगणात हौद नाही. विहीर नाही. एक बादली होती, ती पालथी.

आत छबूबाईंचा घोरण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मास्तरांना वाटलं, त्या जाग्या झाल्या. हाक मारावी. तोंड उघडलं... आणि लाईट गेली.

आता आपल्याकडं लाईट जाण्यात भुताटकी काही नाही. ते खातं स्वतंत्र आहे. मास्तरांनीही तसंच मनाला सांगितलं. काडेपेटी उजव्या हाताला होती. हात पुढं केला. हात बरणीला लागला.

बरणी हलत होती.

हलत म्हणजे... पाळणा हलतो तशी. सावकाश. साडीच्या झोळीत असावी तशी. साडी तर आत, ज्ञानेश्वरीच्या उशाशी होती.

मास्तरांनी हात मागं घेतला. खोलीत ओल्या मातीचा वास आला. एप्रिलमध्ये कालव्याला पाणी सुटलं की पहिल्या दिवशी येतो, तो वास. डाव्या बाजूला कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण त्या बाजूचा कान गार पडत चालला होता. मग अगदी कानाशी...

"कुर्रर्र..."

बारीक आवाज. पोरीचा. हसू दाबलेला.

मास्तर वळले नाहीत. वळता आलं नाही.

"दादा."

...

"बारसं हाय ना? मला बोलावलंय."

...

"नाव काय ठिवायचं, दादा?"

मास्तरांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

मग खुर्ची सरकल्यासारखं झालं. टेबलावर काहीतरी चढलं. लहान पाय. आधी एक. मग दुसरा. कागद ओला झाल्याचा आवाज. आता आवाज समोरून आला, वरून. कठड्यावर उभं राहून यावा तसा.

"दादा... मी तरंगले तर म्हणशील ना?"

चौपन्न वर्षं पाठ केलेलं. तीन अक्षरं आणि दोन अक्षरं. उतरू नको. नको उतरू. काहीही चाललं असतं. कुठूनही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मास्तरांनी सगळा जीव गोळा केला. तोंड उघडलं. आणि त्यांच्या कानांनी त्यांचाच आवाज ऐकला. बारा वर्षांच्या पोराचा.

"म्हणीन."

डुबुक.

बरणीतून.

...

लाईट आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांनी मान खाली घालूनच खांद्यावरचा टॉवेल काढला, चाचपडत बरणीवर टाकला. बरणीकडं पाहिलं नाही. सकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत.

साडेसहाला ज्ञानेश्वरी चहा घेऊन आली. टॉवेल उचलला. बरणी उजेडाकडं धरून पाहिली.

"अण्णा, बरणी उघडली होती?"

"नाही."

"मग हा वर कसा आला?"

चिकटपट्टी शाबूत होती. आडवी सही जशीच्या तशी. स्पिरिट तेवढंच. आणि तीन दिवस बुडाशी पडून असलेला मासा वर आला होता. उभा. शेपूट खाली, तोंड वर. तोंड झाकणाला टेकलेलं. उघडं.

मास्तरांनी तेव्हा पाहिलं. मग ते बोलायला लागले. पुलापासून. छबूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. संपलं तेव्हा चहावर साय धरली होती. छबूबाई म्हणाल्या, "येवढं वझं एकल्यानं वाह्यलं व्हय? चाळीस वरसं मी काय शेजारीन हुते का?" आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या मास्तरांशी बोलल्या नाहीत. पण दुपारी जेवणाच्या वेळी त्यांनी चौथं पान वाढलं. गोड शिऱ्याचं.

लेख शनिवारी गेला. नावाच्या कोऱ्या जागी ज्ञानेश्वरीनं लिहिलं, राजेश्वरीए. यंदा छापूनही आला. चित्र मास्तरांचंच, पण कोपऱ्यात कागद थोडा फुगलेला, तो भाग कापून छापलाय. नावाचं कारण म्हणून एक ओळ आहे: लेखिकेची आत्या, राजेश्वरी, हिच्या स्मरणार्थ. म्हणजे आता ते कायमचं झालं. कुणाला बदलता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, मिटलं मग. मलाही तसंच वाटत होतं.

संस्थेत परत नेल्यावर त्यांनी माशाचा एक्स-रे काढला. आत कुठं हवा नाही. स्पिरिट बदललं. बरणी बदलली. चिमट्यानं ढकलून बुडाशी बसवला, तर तेवढ्यापुरता बसला, सकाळी परत वर. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात एका शास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय: 'नमुना तरंगतो. कारण समजत नाही.' खाली सही, तारीख. मी झेरॉक्स पाहिली आहे.

मे महिन्यात मास्तर तिथं जाऊन आले. लांबलचक थंड खोली, लोखंडी कपाटं, रांगेनं बरण्या. शेकडो मासे, सगळे बुडाशी पडलेले. एक वर. मास्तर त्या बरणीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ज्ञानू, झाकण एवढं घट्ट कशाला लावलंय?"

"नाहीतर स्पिरिट उडून जाईल, अण्णा. ज्या नमुन्यावरून नाव पडतं, तो कायम जपून ठेवावा लागतो. नावाला आधार तोच ना."

"कायम?"

"हो. शंभर वर्षं, दोनशे वर्षं... कायम."

 मास्तरांनी झाकणावर हात ठेवला. काढला.

परवाच ज्ञानेश्वरीचा फोन होता. मी विचारलं. ती म्हणाली, तशीच आहे. रोज सकाळी कपाट उघडलं की ती वरच असते. तोंड झाकणाला लावून.